शरदातील एक रस्ता : परतवाडा ते बऱ्हाणपूर

महाविद्यालयीन वार्षिकांकातून सहलीचे वर्णन बहुधा दरवर्षी येते. त्यात पहाटेची लगबग असते, डबे असतात, गाडीतील गाणी असतात आणि शेवटी ‘अविस्मरणीय’ हा शब्द असतो. आमच्याही सहलीत हे सारे होते. परंतु त्याविषयी लिहावे असे वाटत नाही. इतिहासाचे दोघे, भूगोलाचे दोघे आणि मराठीचा एक असे आम्ही पाच जण भाड्याची जीप करून तीन दिवस हिंडलो. अमरावतीहून परतवाडा, तेथून मेळघाट ओलांडून धारणी आणि पुढे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर हा आमचा मार्ग. एक अरण्य आणि एक जुने शहर, आणि दोहोंना जोडणारा एकच रस्ता. अरण्य शहराला काय देते आणि त्याच्या बदल्यात अरण्याला काय मिळते, एवढाच प्रश्न घेऊन आम्ही निघालो होतो. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने जे पाहिले व वाचले, त्याची ही मांडणी आहे.

प्रथम ऋतूविषयी थोडेसे. इंग्रजी पुस्तके वाचून आपली अशी समजूत होते की ‘ऑटम’ म्हणजे शरद आणि शरद म्हणजे पानगळ. वस्तुतः आपल्याकडे शरदात पाने गळत नाहीत. आश्विन-कार्तिकाचा हा काळ म्हणजे पावसाळ्याची कमाई मोजण्याचा काळ होय. आभाळ धुऊन निघालेले, नद्यांचा गढूळपणा खाली बसलेला, गवत कमरेएवढे वाढून शेंड्याशी पिवळे पडू लागलेले. सागाची पाने मोठी, खरबरीत आणि अजून हिरवीच असतात. त्यांची गळ थंडीच्या अखेरीस सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. म्हणून पाण्याचा अभ्यास करावयाचा असेल, तर शरदासारखा ऋतू नाही. पाऊस थांबलेला असतो, तरीही ओढे वाहत असतात. हे वाहणारे पाणी आकाशातून आलेले नसते, तर डोंगराने धरून ठेवून हळूहळू सोडलेले असते. आमच्यातील भूगोलाची विद्यार्थिनी हे वाक्य पहिल्या दिवशी तीनदा म्हणाली. तिसऱ्या वेळी आम्हाला ते कळले.

परतवाडा हे अचलपूरला लागून असलेले गाव. इंग्रजी अमदानीत येथे छावणी होती आणि पुढे सागाच्या लाकडाची बाजारपेठ म्हणून ते वाढले. आम्ही गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या होत्या. सीताफळ हेही शरदाचेच फळ. ते विकत घेताना आम्हाला पायविहीर या जवळच्या गावाची आठवण झाली. वनहक्क कायदा २००६ साली झाला. त्याखाली पायविहीर गावाला २०१२ मध्ये सुमारे १९३ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हे जंगल तेव्हा जवळजवळ उघडे पडलेले होते. गावाने चराई आवरली, झाडे लावली, पाणी अडविले आणि तेथील सीताफळ स्वतःच्या नावाने शहरात नेऊन विकले. २०१४ साली या कामाला राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. अरण्याजवळ राहणारा माणूस अरण्याचा शत्रूच असतो, असे मानणाऱ्यांनी या एका गावाचा तरी विचार करावा.

परतवाडा सोडले की घाट लागतो. चिखलदऱ्याकडे जाणारा रस्ता वेगळा; तिकडे गाविलगडचा किल्ला आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने तो भोसल्यांकडून घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतिहासाच्या मित्रांचा फार आग्रह होता. पण तिकडे गेलो असतो तर रात्र तेथेच झाली असती. ते दोघे त्यानंतर घटांगपर्यंत बोलले नाहीत.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या या भागाला गाविलगडचे डोंगर म्हणतात. खडक काळ्या बेसाल्टचा, दऱ्या खोल आणि सपाट जागा अगदी थोडी. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या येथील पाच प्रमुख नद्या, आणि पाचही तापीला मिळतात. डोंगराच्या दक्षिण उतारावरचे पाणी मात्र वेगळ्या वाटेने जाते. शहानूर, चंद्रभागा, वान या नद्या खाली वऱ्हाडच्या मैदानात उतरून पूर्णेला मिळतात आणि पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. म्हणजे या डोंगराचे पाणी कोणत्याही बाजूने उतरले, तरी शेवटी तापीचेच होते. सिपना नदीच्या नावाविषयी तेथील लोक असे सांगतात की कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. नदीच्या दोन्ही काठांवर सागाची रांग पाहिली की हे नाव ठेवणाऱ्याला अधिक शोधाशोध करावी लागली नसेल असे वाटते.

व्याघ्र प्रकल्पाची योजना १९७३ साली सुरू झाली, त्या वेळी देशातील नऊ अरण्ये निवडली गेली. त्यांपैकी मेळघाट एक. महाराष्ट्रातील हा पहिला व्याघ्र प्रकल्प. आम्हाला वाघ दिसला नाही. गवत एवढे वाढलेले असताना तो दिसण्याची अपेक्षाही नव्हती. खरे तर मेळघाटात वाघापेक्षाही दुर्मिळ असा एक जीव आहे, तो म्हणजे रानपिंगळा. या छोट्या घुबडाचे शास्त्रीय वर्णन १८७३ मध्ये झाले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीलायक नमुना कोणाला मिळाला नाही. तो नामशेष झाला असे धरून अभ्यासक गप्प बसले होते आणि ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी दिसला. पुढे मेळघाटातही तो चांगल्या संख्येने असल्याचे आढळले. शतकभर तो कोठे गेला नव्हता. त्याच्याकडे पाहणारे कोणी नव्हते, एवढेच. अर्थात ‘कोणी’ म्हणजे नोंद करणारे कोणी. तेथील कोरकूंना रात्रंदिवस ओरडणारे पिंगळे अपरिचित असतील, हे संभवत नाही.

येथे कोरकूंविषयी लिहिणे भाग आहे. मराठी वा हिंदी ज्या कुळातील आहेत त्या कुळाशी कोरकू भाषेचा संबंध नाही, गोंडीच्या द्राविडी कुळाशीही नाही. ती मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी आणि मुंडारी यांची बहीण. या बहिणी राहतात झारखंडाकडे, आणि ही एकटी शेकडो मैल पश्चिमेला सातपुड्यात. मुंडा भाषांपैकी अगदी पश्चिमेकडची ती हीच. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू याचा अर्थ केवळ ‘माणसे’. आमच्या मराठीच्या मित्राने हे ऐकल्यावर वहीत लिहून घेतले आणि खाली दोन रेघा मारल्या.

सेमाडोहला चहाच्या टपरीवर एक वृद्ध गृहस्थ बसले होते. आमची वह्या-पेन्सिलींची गडबड पाहून त्यांनी विचारले, “पोरहो, वाघ पाहाले आले काय?” आम्ही म्हणालो, “नाही बाबा, रस्ता आणि पाणी पाहायला आलो.” ते हसले. मग म्हणाले, “बरं केलं. वाघ पाहाले येते त्याइले आमी दिसत नाई.” एवढे बोलून ते चहाकडे वळले. त्यांचे वाक्य तक्रारीच्या सुरात नव्हते. म्हणूनच आम्हाला ते फार लागले असावे.

या वाक्यामागे मोठा इतिहास आहे. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात मेळघाटचा साग राखीव झाला. जाळून केलेल्या जमिनीवर फिरती शेती करणाऱ्या कोरकूंना तेव्हापासून त्याच जंगलात परवानगीने राहणे आले. लाकूडतोडीला मजूर हवेत म्हणून वनखात्याने जंगलातच वनग्रामे वसविली. शंभरएक वर्षांनी धोरण बदलले. लाकडापेक्षा वाघ मोलाचा ठरला. मग त्याच गावांना बाहेर जाण्यास सांगण्यात आले. बोरी, कोहा आणि कुंड ही पहिली तीन गावे या शतकाच्या प्रारंभी अकोट तालुक्यात नेऊन वसविली. त्यानंतर आणखी अनेक गावे उठली. गावठाणांच्या जागी उत्तम गवत वाढले, सांबर-गवे आले आणि त्यांच्यामागे वाघही आला, ही गोष्ट खरी आहे. बाहेर गेलेल्या काही कुटुंबांना शाळा, दवाखाना आणि डांबरी रस्ता मिळाला, हेही खरे. परंतु काही गावांतील लोक आश्वासने अपुरी राहिली म्हणून जुन्या जागी परत आले आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांची वनखात्याच्या व पोलिसांच्या माणसांशी चकमक होऊन दोन्हीकडचे लोक जखमी झाले, हेही तितकेच खरे आहे. १९९३ पासून मेळघाटचे नाव बालमृत्यू आणि कुपोषण यांसाठी वर्तमानपत्रांत येत राहिले, ते निराळेच.

या प्रश्नावर आमच्यात कोलकासपर्यंत वाद झाला. एकाचे म्हणणे असे की वाघाला माणसाविना प्रदेश हवाच, त्याला इलाज नाही. दुसरा म्हणे, मग प्रथम पर्यटकांची निवासे हलवावीत. माझे मत असे झाले की गावाने जावे की राहावे यापेक्षा ते कोणी ठरवावयाचे, हा खरा प्रश्न आहे. स्वखुशीने गेलेले गाव आणि कंटाळून गेलेले गाव नकाशावर सारखेच दिसते. सिपनेच्या काठी पोचल्यावर वाद आपोआप थांबला. पाणी इतके स्वच्छ होते की तळाचे गोटे मोजता येत होते.

या अरण्यातून रेल्वेही जात असे. अकोला-खांडवा ही मीटरगेज गाडी धुळघाटला डोंगर चढताना स्वतःच्याच मार्गाभोवती वेटोळे घेई. तो फेरा रेल्वेच्या चाहत्यांत प्रसिद्ध होता. रुंदीकरणासाठी ही गाडी जानेवारी २०१७ पासून बंद झाली. नवा रुंद मार्ग व्याघ्र प्रकल्पातूनच न्यावा, की बाहेरून हिवरखेड-सोनाळ्याकडून वळवावा यावर पुष्कळ वर्षे खल झाला. वळणाचा मार्ग लांब पडतो. पण त्या वाटेवर गावे आहेत, म्हणजे प्रवासी आहेत. जंगलातून गाडी वेगाने नेऊन कोणाला कोठे लवकर पोचवावयाचे होते, हे मला अद्याप समजलेले नाही.

धारणीनंतर डोंगर विरळ होतात आणि शेते सुरू होतात. सोयाबीन काढलेले, कापूस नुकता फुटू लागलेला. देडतलाईच्या आधी राज्याची सीमा केव्हा ओलांडली ते पाटीवरूनच कळले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी येथे सीमा नव्हतीच. अमरावती आणि बऱ्हाणपूर एकाच प्रांतात होती आणि दोन्हींचा कारभार नागपूरहून चाले. बऱ्हाणपुरात आजही मराठी सहज कानांवर पडते.

याच भागात, आमच्या रस्त्यापासून थोडे बाजूला, नेपानगर आहे. वर्तमानपत्राचा कागद बनविणारा देशातील पहिला कारखाना तेथे निघाला आणि १९५५-५६ च्या सुमारास कागद तयार होऊ लागला. कागदाला लगदा हवा. तो सातपुड्यातील सालईच्या लाकडाचा आणि बांबूचा. सालई हे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर वाढणारे पांढुरक्या खोडाचे झाड. सागाच्या मानाने त्याला बाजारात मान नव्हता. त्या सालईवर आपल्या आधीच्या पिढीने सकाळची वर्तमानपत्रे वाचली. पुढे कारखाना रद्दी कागदावर चालू लागला, मध्यंतरी काही वर्षे बंद होता आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. अरण्य शहराला काय देते, या आमच्या प्रश्नाचे हे एक उत्तर झाले. कुपोषणाच्या बातम्याही बहुधा सातपुड्याच्याच कागदावर छापल्या गेल्या असतील, असे आमच्यातील एक जण म्हणाला. त्यावर कोणी काही बोलले नाही.

बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर काठावर आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखानाने चौदावे शतक संपता संपता हे शहर वसविले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. समोरच्या काठावरच्या जैनाबादला त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांचे नाव मिळाले. या दोघांच्या कबरी आपल्या खुलदाबादेत आहेत. म्हणजे महाराष्ट्रातील गुरुशिष्य तापीच्या दोन काठांवर नावाने समोरासमोर उभे आहेत. १६०१ साली अकबराने जवळचा असिरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. त्यानंतर दक्षिणेच्या मोहिमांसाठी मोगलांचे हे मुख्य ठाणे झाले. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना येथे थांबला होता. सैन्य, हत्ती, घोडे, व्यापारी आणि विणकर यांनी भरलेल्या त्या शहराला पाणी पाजावयाचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर पाहण्यासाठीच आम्ही मुख्यतः आलो होतो. त्याचे नाव कुंडी भंडारा. याच १६१५ च्या सुमारास, जहांगीराच्या काळात, अब्दुल रहीम खानखानान याच्या सुभेदारीत एका इराणी जाणकाराने ही व्यवस्था आखली. हिंदी दोहे लिहिणारा रहीम तो हाच. बऱ्हाणपूरच्या उत्तरेला सातपुड्याची रांग आहे. तिच्यावर पडलेले पाणी जमिनीत मुरते आणि उतारावरून पोटातल्या पोटात तापीकडे सरकत जाते. हे सरकणारे पाणी नदीला मिळण्यापूर्वी वाटेतच गाठावयाचे, अशी ही युक्ती. त्यासाठी जमिनीखाली मंद उताराचा बोगदा खणला आणि ठराविक अंतरावर त्यावर विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. कुंड्यांमधून हवा खेळते, गाळ काढता येतो आणि पाणीही शेंदता येते. अशा शंभराहून अधिक कुंड्या एका ओळीत आहेत. पाणी बोगद्यात झिरपते आणि केवळ उताराने शहराकडे वाहते. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. अशा आठ व्यवस्था होत्या; त्यांपैकी मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण आणि खूनी भंडारा ही नावे आजही ऐकू येतात. ‘खूनी’ हे ‘कुंडी’चेच बिघडलेले रूप असावे असे काहींचे मत, तर पाण्याच्या लालसर छटेवरून ते पडले असे इतरांचे. इराणात या पद्धतीला कनात म्हणतात. मराठवाड्यातील वाचकांना ती परकी वाटणार नाही, कारण त्याच दशकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर याच तत्त्वावर बांधली.

खाली सुमारे ऐंशी फूट उतरून बोगद्यात उभे राहिले की प्रथम गारवा जाणवतो आणि मग आवाज. थेंबांचा नव्हे, तर एकसारखा, बारीक, सगळ्या भिंतींतून येणारा. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले आहेत. पाण्यात विरघळलेला चुना शतकानुशतके साचून हे थर झाले. ते दिसायला सुंदर असले, तरी झिरप त्यांनीच बुजत जाते. त्यात वरच्या बाजूला कूपनलिका वाढल्या की बोगद्यापर्यंत पोचण्याआधीच पाणी उपसले जाते. २०२४ मध्ये कुंडी भंडाऱ्याचे नाव जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आले, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र वारसा म्हणून फक्त बोगदा जपून चालणार नाही, कारण हे यंत्र दगडाचे असले तरी त्याचे इंधन वरच्या डोंगरावर पडते. डोंगर उघडा झाला, तर पाऊस मुरण्याऐवजी धावत सुटेल आणि चारशे वर्षांचा बोगदा कोरडा राहील.

शहरात पाहण्याजोगे इतके आहे की सारे सांगण्यास स्वतंत्र लेख हवा. त्यातही जामा मशीद सोडून चालणार नाही. आदिलशहा फारुकीने बांधलेल्या या मशिदीत अरबी शिलालेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे, नागरी लिपीत, मशिदीच्या आत. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन, फारुकींची वंशावळ आणि शके १५११ ची मिती दिलेली आहे. आमचे इतिहासाचे मित्र त्यापुढे पाऊण तास उभे होते आणि गाविलगडचा राग तेथे विरघळला. जैनाबादच्या आहुखान्यात मुमताजमहलचे प्रेत प्रथम पुरले होते. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात मरण पावली आणि सहा महिन्यांनी तिचे अवशेष आग्ऱ्याला नेले. पुरंदरच्या तहातील मिर्झाराजा जयसिंग १६६७ मध्ये याच शहरात वारला. १६८१ च्या प्रारंभी संभाजीराजांच्या फौजेने बऱ्हाणपूरची पुरे लुटली. आपल्या शालेय इतिहासात हे शहर केवळ अशा वाक्यांच्या शेवटी येते. तेथे माणसे राहतात, यंत्रमागांचा खडखडाट गल्लोगल्ली चालतो आणि मावा जिलबी नावाचा एक जड पदार्थ मिळतो, हे गेल्यावरच कळते.

सायंकाळी राजघाटावर बसलो असता पूर्वेकडून येणारी तापी दिसत होती. सिपनेचे पाणी तिच्यातूनच येते. म्हणजे या शहराला पाणी दोन वाटांनी मिळते. एक उत्तरेच्या डोंगरातून, जमिनीखालून. दुसरे मेळघाटातून, उघड्यावरून. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो भुसभुशीत पट्टा आहे, त्याला भूगोलाच्या परिभाषेत बझाडा म्हणतात. त्याला पाणी पिण्याची विलक्षण ताकद असते. याच पट्ट्यात तापीचे पाणी सोडून भूजल भरण्याची मोठी योजना आखली गेली असून १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात तिचा करार झाला. खानखानानने पाणी भूगर्भातून बाहेर काढले. आता ते आत घालावयाचे आहे. खानदेश आणि पश्चिम विदर्भातील खालावलेल्या विहिरी पाहता योजनेची गरज कोणी नाकारणार नाही. तिच्यासाठी बांधावयाचा बंधारा मात्र मेळघाटच्या बाजूलाच, खारिया गुटीघाटाजवळ योजलेला आहे. पाणी मोजले गेले आहे, लाभक्षेत्राचे हेक्टरही मोजले गेले आहेत. वरच्या बाजूच्या कोरकू गावांना या हिशेबात कोणता रकाना मिळाला आहे, ते आम्ही आता शोधत आहोत. भूगोल विभागाच्या पुढील सत्रातील प्रकल्पासाठी आम्ही तोच विषय घेतला आहे. धारणी तालुक्यातील ज्या विद्यार्थ्यांना कोरकू येते, त्यांनी आम्हाला विभागात अवश्य भेटावे.

परतीला मुक्ताईनगरच्या बाजूने आलो. चांगदेवला पूर्णा आणि तापी एकत्र येतात ती जागा हतनूर धरणाच्या फुगवट्यामुळे नदीपेक्षा तलावासारखीच दिसते. कोणते पाणी शहानूरचे आणि कोणते सिपनेचे, हे तेथे ओळखता येत नाही.